औरंगजेबाचा जीडीपी कुणी मोजला?

काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात माझं व्याख्यान होतं. विषय होता मध्ययुगीन भारतातलं मुस्लिमांचं योगदान. अशा व्याख्यानांत टाळ्या कुठे पडतात हे बोलणाऱ्याला सवयीने कळतं. मी आवाज चढवून म्हणालो, “इसवी सन १७०० मध्ये, औरंगजेबाच्या राज्यात, जगाच्या एकूण उत्पन्नापैकी चोवीस टक्के उत्पन्न एकट्या हिंदुस्थानचं होतं!” टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना एक म्हातारे चाचा जवळ आले. आयुष्यभर मागावर बसलेला माणूस, बोटांवर सुताच्या खुणा. त्यांनी विचारलं, “मियाँ, वो चोवीस टक्का गिन्या कोन? और उसमें बुननेवाले कू क्या मिल्या?”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो आकडा मी मोबाईलवर आलेल्या एका संदेशातून उचलला होता. इतिहासावर लिहिणारा माणूस आणि आकड्याचा उगम माहीत नाही, याची लाज घरी येईपर्यंत पुरली. पुढे जे वाचलं ते या लेखात मांडतो आहे. चाचांना द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणा हवं तर.

आकड्याचा उगम

पहिली गोष्ट ही की औरंगजेबाच्या दरबारात कुणी जीडीपी मोजत नव्हतं. देशाचं एकूण उत्पन्न ही कल्पनाच त्या काळात बाल्यावस्थेत होती. इंग्लंडमध्ये विल्यम पेटी यांनी १६६५ च्या सुमारास करवसुलीचा हिशेब मांडण्यासाठी तसा एक अंदाज केला होता आणि त्याच शतकाच्या अखेरीस ग्रेगरी किंग यांनी तो आणखी तपशिलात नेला. युद्धाला पैसा किती उभा राहील, हा त्यामागचा प्रश्न होता.

आपल्याकडे फिरणारा आकडा अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाचा. २००१ साली त्यांनी गेल्या दोन हजार वर्षांच्या जागतिक अर्थव्यवस्थेचे अंदाज ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात १७०० साली भारताचा वाटा २४.४ टक्के दाखवला आहे. म्हणजे मी सांगितलेला आकडा खोटा नव्हता. पण त्याच तक्त्यांत आणखी दोन रकाने होते आणि ते कुठलाही संदेश पुढे पाठवत नाही.

पहिला रकाना लोकसंख्येचा. मॅडिसन यांच्या अंदाजाप्रमाणे १७०० साली जगात सुमारे ६० कोटी ३० लाख माणसं होती आणि त्यातली साडेसोळा कोटी हिंदुस्थानात. म्हणजे माणसं २७ टक्के आणि उत्पन्न २४ टक्के! दुसरा रकाना दरडोई उत्पन्नाचा. १९९० च्या आंतरराष्ट्रीय डॉलरच्या हिशेबात भारत ५५०, जगाची सरासरी ६१५. ज्या आकड्यावर मी टाळ्या घेतल्या, तोच आकडा सांगत होता की इथला सरासरी माणूस जगाच्या सरासरीपेक्षा थोडा मागेच होता.

पुढचं आणखी गमतीचं आहे. मॅडिसन यांनी भारताचं दरडोई उत्पन्न १५०० साली ५५०, १६०० साली ५५० आणि १७०० सालीही ५५० धरलं आहे. म्हणजे सिकंदर लोदी, अकबर आणि औरंगजेब, तिघांच्या काळात एकच आकडा. प्रत्येक वर्षाची वेगळी मोजणी शक्यच नव्हती, म्हणून ते स्थिर धरलं गेलं. वाटा थोडा खाली-वर होतो तो मुख्यतः लोकसंख्येमुळे आणि बाकीच्या जगामुळे.

आपल्या काही मित्रांच्या समूहांत दुसरा एक संदेश फिरतो. इसवी सनाच्या आरंभी जगाचं एक तृतीयांश उत्पन्न भारतात होतं आणि नंतर आलेल्यांनी सगळी वाट लावली, असा त्याचा सूर. त्या संदेशाचा उगमही हेच पुस्तक. तिथे भारताचं दरडोई उत्पन्न ४५० धरलं आहे आणि जगातल्या बहुतेक भागांसाठीही तेवढंच किंवा त्याच्या आसपास. माणूस कसाबसा जगेल एवढी ती रक्कम. सगळ्यांना जवळपास सारखंच दिल्यावर वाटा म्हणजे फक्त डोक्यांची मोजणी उरते. जगातली एक तृतीयांश माणसं इथे होती, म्हणून एक तृतीयांश उत्पन्न इथलं.

म्हणजे त्यांचा संदेश आणि माझा संदेश, दोन्ही एकाच विहिरीतून भरलेले. दोघांनीही पाणी गाळून घेतलं नव्हतं.

‘आईन’मधली विड्याची पानं

मग मोगल काळाबद्दल आपल्याला काहीच कळू शकत नाही का? कळू शकतं आणि त्याचं श्रेय अबुल फजल यांना जातं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी सिद्ध केलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त पिकांचे दर, धान्याच्या किमती, कारागिरांची रोजची मजुरी, सरकार-परगण्यांचा महसूल, असं बरंच काही आकड्यांत नोंदलेलं आहे. बारा सुभ्यांचा महसूल ३ अब्ज ६२ कोटी ९७ लाख ५५ हजार २४६ दाम आणि शिवाय बारा लाख विड्याची पानं, असं त्यात दिलं आहे! चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे नऊ कोटी रुपयांच्या थोडा वर.

या नोंदींवरून डब्ल्यू. एच. मोरलंड यांनी १९२० साली अकबराच्या अखेरच्या काळातल्या भारताचं आर्थिक चित्र उभं केलं. नंतर अलिगढच्या इतिहासकार शिरीन मूसवी यांनी १५९५ च्या सुमाराच्या मोगल अर्थव्यवस्थेचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. तो १९८७ साली पुस्तकरूपाने आला. साधारण पद्धत अशी: महसूल हा पिकाचा ठरावीक हिस्सा, मग महसुलावरून उलटं जात पीक किती असेल ते काढायचं, दर लावायचे, मजुरीच्या नोंदींशी ताडून पाहायचं.

यात खाचखळगे भरपूर. ‘जमा’ म्हणजे आकारणी. ‘हासिल’ म्हणजे प्रत्यक्ष वसुली. दोन्ही कधीच सारखे नसतात. शिवाय त्या बारा सुभ्यांत आपला दख्खन जवळजवळ नव्हताच. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही त्या हिशेबाबाहेर. म्हणजे ‘मोगलांचा जीडीपी’ म्हणून मिरवताना सोलापूरचे विणकर, पैठणचे कारागीर त्यात कितपत आहेत, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मुख्य म्हणजे ‘आईन’ हा राज्याच्या तिजोरीचा हिशेब आहे. रयतेच्या घरात काय उरलं, हे मोजण्यासाठी तो लिहिलेला नाही. चाचांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात थेट सापडत नाही. तो प्रश्न आकड्यांनी विचारणारा पहिला माणूस यायला आणखी पावणेतीनशे वर्षं लागली.

तुरुंगाचा खर्च आणि रयतेचं उत्पन्न

तो माणूस आपल्या मुंबईचा. दादाभाई नौरोजी, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले. राष्ट्रीय उत्पन्नाचा विचार त्यांनी सत्तेच्या बाजूने केला नाही, तर करदात्याच्या बाजूने केला. इंग्रज सरकार म्हणत होतं की देश भरभराटीला येतो आहे. दादाभाईंनी साधा सवाल केला: माणशी पिकतं किती?

सरकारच्याच प्रांतवार अहवालांमधून त्यांनी पेरलेली जमीन, एकरी उतारा आणि बाजारभाव घेतले. ब्रिटिश इंडियाचं १८६७-६८ चं एकूण उत्पादन त्यांच्या हिशेबात सुमारे ३४० कोटी रुपये निघालं. लोकसंख्या १७ कोटी. भागाकार पाचवीतलं पोर करील: माणशी वर्षाला वीस रुपये.

हा हिशेब करताना त्यांना सरकारी अहवालांतली एक ढोबळ चूक सापडली. मध्य प्रांताच्या अहवालात भाताचा सरासरी उतारा काढताना सगळ्या जिल्ह्यांचे आकडे बेरजेत घेऊन जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. एका जिल्ह्यात हजार एकर भात आणि एकरी दहा मण, दुसऱ्यात लाख एकर भात आणि एकरी चार मण असेल, तर खरी सरासरी चाराच्या आसपास येते. सरकारी पद्धतीने ती सात मण होते. भावांचंही तसंच. कागदावर रयत श्रीमंत करण्याची ही सोपी रीत दादाभाईंनी उघड केली.

मग त्यांनी वीस रुपयांशेजारी दुसरा आकडा ठेवला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला किती खर्च करतं? मुंबई इलाख्यात ही रक्कम ४७ रुपयांच्या वर होती. गुन्हेगाराला जगवायला जेवढं लागतं, तेवढंही प्रामाणिक कष्टकऱ्याच्या वाट्याला सरासरीने येत नाही. आणि सरासरीतही साहेबलोक आणि सावकार धरलेले आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. १८७६ साली हे निबंध मुंबईत वाचले गेले. त्याच वर्षी दख्खनचा भीषण दुष्काळ सुरू झाला. पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची धान्याची मजुरी दिवसाला एक पौंडावर आणली. मजूर कामं सोडून गेले. दादाभाईंचा तक्ता आणि ती उपासमार एकाच काळातली आहे, हे विसरता कामा नये.

पुढे आकड्यांचं युद्धच पेटलं. १८८२ साली बेरिंग आणि बार्बर यांनी सरकारसाठी अंदाज केला, माणशी २७ रुपये. १९०१ साली विल्यम डिग्बी यांनी १८ रुपयांच्याही आतला आकडा मांडला. त्याच वर्षी लॉर्ड कर्झन यांनी अर्थसंकल्पावरच्या भाषणात ३० रुपये सांगितले आणि सत्तावीसवरून तीस, म्हणजे प्रगती, असा अर्थ लावला. पण त्या काळात भाव किती चढले? रुपये वाढले म्हणजे धान्य वाढलं असं होत नाही. आज आपण ‘स्थिर किमतींना’ वाढीचा दर सांगतो, त्याची गरज या वादातूनच कळते.

मॅडिसन यांचा तक्ता इथे पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे. १९१३ साली जगातली सुमारे १७ टक्के माणसं हिंदुस्थानात होती आणि उत्पन्न साडेसात टक्क्यांच्या आसपास. सत्तावीसला चोवीस आणि सतराला साडेसात. इंग्रजी राज्याने काय केलं आणि काय होऊ दिलं नाही, हे या दोन जोड्या शेजारी ठेवल्या की दिसतं. ते दाखवायला औरंगजेबाच्या नावाने टाळ्या घेण्याची गरज नाही.

दादाभाईंच्या पद्धतीतही उणिवा होत्या. ते फक्त वस्तूंचं उत्पादन धरत. वाहतूक, व्यापार, नोकरी यांना त्यांच्या बेरजेत जागा नव्हती. इंडिया ऑफिसचे डॅन्व्हर्स यांच्याशी याच मुद्द्यावर त्यांचा वाद झाला. आज जग डॅन्व्हर्स यांच्या बाजूने मोजतं. पण उत्पन्न मोजायचं ते माणूस जगतो कसा हे कळण्यासाठी, हा दादाभाईंचा आग्रह मला अजूनही बरोबर वाटतो.

तीन माणसांची समिती

शास्त्रशुद्ध मोजणीचं श्रेय व्ही. के. आर. व्ही. राव यांचं. ब्रिटिश इंडियाचा १९३१-३२ चा त्यांचा अंदाज माणशी ६२ रुपयांचा होता. शेतीत उत्पादन मोजायचं आणि जिथे वस्तू दिसत नाही तिथे लोकांचं उत्पन्न मोजायचं, अशी दोन्हींची सांगड त्यांनी घातली.

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. सल्लागारांत अमेरिकेचे सायमन कुझनेट्स आणि इंग्लंडचे रिचर्ड स्टोन होते. १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चं राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये आणि दरडोई २५५ रुपये ठरलं.

मोजण्याचं तत्त्व एका चादरीवरून कळेल. समजा, शंभर रुपयांचं सूत आणलं आणि चादर दीडशेला विकली. सूत आणि चादर दोन्ही धरून अडीचशे म्हणायचं नाही. सुताची किंमत चादरीत आलेलीच आहे. मागाने घातलेली भर पन्नासची. देशभर अशी भर मोजत जायची. तीच रक्कम मजुरी, भाडं, व्याज, नफा अशी वाटली जाते, म्हणून उत्पन्नाच्या बाजूनेही मोजता येते. आणि शेवटी कुणीतरी खर्च करून ती वस्तू घेतो, म्हणून खर्चाच्या बाजूनेही. तिन्ही वाटा एकाच मुक्कामाला यायला हव्यात.

समितीची अडचण तत्त्वाची नव्हती. कारखान्यांचे हिशेब मिळत होते. पण घरातला माग, चांभाराची टपरी, बैलगाडीवाला, मोसमी मजूर यांचा हिशेब कोण ठेवतो? तिथे कामगारांची संख्या अंदाजाने घेऊन सरासरी कमाईने गुणायची, एवढंच हातात होतं. ही पोकळी भरण्यासाठीच १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, घरोघरी जाऊन विचारणारी. जगाने पुढे या पाहणीचा कित्ता गिरवला.

कांडी आणि भाकरी

इथे मला माझं घर आठवतं. अब्बांकडे दोन माग होते. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी नगावर. अम्मी पहाटे उठून भाकऱ्या थापायची, मग दुपारी कांड्या भरायला बसायची. आम्ही भावंडंही शाळेतून आलो की कांड्या भरायचो.

आता हिशेब पाहा. अम्मीने भरलेली कांडी चादरीत गेली, चादर विकली गेली, म्हणून ती मेहनत राष्ट्रीय उत्पन्नात आली. पण तिच्या नावावर नाही. घरच्या धंद्याच्या कमाईत मजुरी किती आणि नफा किती हे वेगळं करता येत नाही, म्हणून हिशेबाच्या भाषेत त्याला ‘मिश्र उत्पन्न’ म्हणतात. आमच्या घरी ते मिश्र उत्पन्न अब्बांच्या खिशात असायचं. आणि भाकरी? ती कुठेच नाही. तीच भाकरी खानावळीत खाल्ली असती तर देशाचं उत्पन्न वाढलं असतं.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया त्या बिनमोल कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाच तासांची ही मेहनत बाजारात येत नाही, म्हणून बेरजेत येत नाही.

आणि जे बेरजेत येतं तेही उशिरा येतं. छोट्या, नोंदणी नसलेल्या धंद्यांची मोठी पाहणी २०१५-१६ मध्ये झाली. तशी पुढची पूर्ण पाहणी २०२१-२२ ची. मधल्या काळात नोटबंदी झाली, जीएसटी आला, टाळेबंदी झाली. त्या वर्षांत या धंद्यांचा अंदाज बऱ्याच अंशी इतर निर्देशकांवरून, संघटित उद्योगांच्या वाढीवरून बांधला गेला. मोठ्या गिरणीचा भोंगा वाजतोय म्हणजे गल्लीतला मागही चालू असणार, अशी ती धारणा. आमच्या गल्लीत त्या काळात माग भंगारात गेले. न्या. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं होतं की मुस्लिमांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे हा मोजणीतला अंधार आपल्या दारात जरा जास्तच दाट आहे. आणि तो फक्त आपल्याच दारात आहे असं नाही. पद्मशाली विणकर, विडी वळणाऱ्या बाया, सगळे त्याच अंधारात बसलेत.

बेरीज आणि वाटणी

कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी सिनेटला पहिला हिशेब सादर करतानाच बजावलं होतं की या एका आकड्यावरून लोकांचं कल्याण ठरवू नका. पाकिस्तानात महबूब-उल-हक यांनी ते अनुभवलं. अयूब खान यांच्या राजवटीत वाढीचा दर जोरात होता आणि नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ खुद्द हक होते. १९६८ साली त्यांनीच जाहीर सांगितलं की देशातली दोन तृतीयांश औद्योगिक मालमत्ता बावीस कुटुंबांच्या हातात आहे. आपणच वाढवलेल्या आकड्याविरुद्ध बोलायला हिंमत लागते. त्याच हक यांनी १९९० मध्ये, अमर्त्य सेन यांच्या साथीने, मानव विकास निर्देशांक जगापुढे ठेवला. उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण.

जकात देणाऱ्याला हे नवीन वाटायला नको. वर्षाअखेरी आपण जमा किती झालं ते मोजतो, पण मोजणी तिथे संपत नाही. हकदार कोण आणि त्याच्यापर्यंत पोचलं का, इथपर्यंत हिशेब जातो.

व्याख्यानात आता मी तो चोवीस टक्क्यांचा आकडा सांगतो, पण शेजारी सत्तावीस टक्के माणसं सांगतो. टाळ्या पडत नाहीत. एकदा एका मुलाने नाराजीने विचारलं, “सर, मग आपल्याकडे अभिमान वाटावा असं काहीच नव्हतं का?” मी म्हणालो, होतं की. ती मलमल खरी होती, ते विणकर खरे होते. त्यांना किती मिळालं एवढंच आपण विचारायचं राहून गेलो.

त्या गावात नंतर पुन्हा गेलो तेव्हा चाचांची चौकशी केली. ते अल्लाहला प्यारे झाले होते. त्यांच्या घरात आता माग नाही. त्या जागेत मुलाने मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. गल्लीत कुणी सरकारी पाहणीवाला आला होता का, असं मी त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, “आया तो बोलूंगा, बैठो, चाय पियो, और लिखो.”